बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर: घ्यावा, पण त्याला काय दिसत नाही ते ओळखून

घरात ठेवायला हे यंत्र चांगलंच आहे. मात्र ते मोजतं काय, हे आधी नीट समजून घ्या. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. त्यांना ऑक्सिजन चिकटला की रक्त लालभडक, सुटला की काळपट. यंत्र बोटातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडतं आणि दोन्ही किती शोषले गेले त्या गुणोत्तरावरून किती टक्के हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय ते काढतं. म्हणजे सगळा खेळ रंगाचा.

फसगत होते ती इथेच. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला, तर तो त्याच लोहाला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. लाल प्रकाशाला ते रक्त ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, त्यामुळे माणूस बेशुद्ध आणि पडद्यावर ९८! अशा वेळी आकड्यावर विसंबू नका. गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणा, लगेच हॉस्पिटल गाठा आणि गीझरचं तिथे आवर्जून सांगा. खरं प्रमाण को-ऑक्सिमीटरवरच, म्हणजे जास्त तरंगलांबींचा प्रकाश वापरून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या यंत्रावरच कळतं.

डॅप्सोनसारख्या (कुष्ठरोगावरच्या) औषधाने कधी कधी हे लोह फेरसचं फेरिक होतं, म्हणजे ऑक्सिजन धरू न शकणारं. मग दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषले जातात आणि प्रमाण वाढलं की आकडा ८५ च्या आसपास अडकतो, ऑक्सिजन लावूनही फारसा हलत नाही. ॲनिमियात उलट: हिमोग्लोबिन ६ असलं तरी ९९ दिसू शकतं, कारण यंत्र टक्केवारी सांगतं, साठा नाही.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून ऊबदार करा, नेलपॉलिश पुसा, गडद मेंदी नसलेलं बोट निवडा. नख वर ठेवून बोट टोकापर्यंत आत सरकवा, हात टेबलावर स्थिर ठेवा आणि आकडा ठरेपर्यंत किमान अर्धा मिनिट थांबा. पहिला आकडा धरू नका. चांगल्या यंत्रातही दोन टक्के इकडे-तिकडे होतात; सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

घेताना नाडीचा आलेख दाखवणारंच मॉडेल घ्या, नुसत्या आकड्यांचं नको. आलेख वेडावाकडा असेल तर टक्केही खोटे समजा. मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजून पडद्यावरच्या ठोक्यांशी ताडून बघा. मोठी तफावत आली तर यंत्र परत करा. बहुतेकांत दोन ट्रिपल-ए सेल लागतात. वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवा, गळाले की आतल्या पट्ट्या गंजतात.