जुना केहीन पीडब्ल्यूके २८ : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या सात रस्ता चौकात माझ्या यामाहा आरएक्स १३५ दुचाकीच्या केहीन पीडब्ल्यूके २८ कार्ब्युरेटरखालून पेट्रोलची धार लागली. गाडी ढकलत जवळच्या गॅरेजमध्ये नेली, तर तिथल्या मिस्त्रींनी बाउल (खालची पेट्रोलची वाटी) न उघडताच कार्ब्युरेटर नकली असल्याचे सांगून तो फेकून द्यायला आणि नवा बसवायला सांगितले. मला हे निदान मान्य नाही, आणि जुना रेसिंग कार्ब्युरेटर घेऊ पाहणाऱ्या कोणीही ते तपासल्याखेरीज मान्य करू नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा कार्ब्युरेटर कोल्हापूरकडच्या डर्ट ट्रॅकवर धावलेल्या गाडीचा आहे आणि मला तो साडेतीन हजारांत मिळाला. बाजारात पीडब्ल्यूकेच्या नकला इतक्या आहेत की अंगावरचे नाव हा पुरावा धरताच येत नाही. अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत का, हे आधी पाहावे. नकलांमध्ये त्या बहुधा बुजलेल्या असतात. मात्र खरी ओळख आतल्या भागांवरून पटते. स्लाइडच्या (ॲक्सिलरेटरसोबत वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) तळाशी कटअवेचा, म्हणजे तिच्या तिरक्या कापाचा, आकडा हवा, तिला लटकणाऱ्या निमुळत्या नीडलच्या वरच्या टोकाशी बारीक अक्षरे कोरलेली हवीत आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटवरचे आकडे वाचता यायला हवेत. माझ्या नगात हे सारे होते, शिवाय व्हर्नियर लावल्यावर इंजिनाकडचे भोक खरोखर २८ मिमी भरले. आतले भाग मधल्या काळात कोणी बदललेले असू शकतात, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये.

खरा की नकली हे ठरल्यावरही तो किती झिजला आहे हा प्रश्न उरतोच, आणि किंमत त्यावरच ठरवावी. स्लाइड आत सोडून बोटाने हलवावी. ती खडखडत असेल आणि तिच्या इंजिनाकडच्या बाजूचा मुलामा उडाला असेल, तर त्या फटीतून हवा घुसते, रेस वेळेवर उतरत नाही आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. बाउलमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर आत पाणी साचून धातू खाल्ला गेला आहे असे समजावे. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकावर गोल चर उमटला असेल, तर ओव्हरफ्लो ठरलेला. ही सुई स्वस्त आहे. झिजलेली स्लाइड मात्र पूर्ण सौदा बुडवते.

हा अनुभव मी उन्हाळ्यातच लिहिला असता, तर रोजच्या गाडीला २८ बसवू नये असेच लिहिले असते. पाव ते अर्ध्या ॲक्सिलरेटरवर गाडी मिसिंग मारत होती, प्लग काळा पडत होता, आणि मेन जेट बदलून काहीच उपयोग होत नव्हता. तो होणारही नव्हता, कारण मेन जेटचा अंमल पाऊण ॲक्सिलरेटरच्या पुढे चालतो आणि मधला पट्टा नीडलच्या ताब्यात असतो. नीडल काढून उजेडात फिरवली, तेव्हा तिच्या एका बाजूला नखाएवढा चपटा, चकचकीत पट्टा दिसला. ट्रॅकवरच्या थरथराटात ती पितळी नळीवर घासत राहिली होती, आणि त्या वाढलेल्या फटीतून जादा पेट्रोल ओढले जात होते. नवी नीडल घातली आणि गाडी सुधारली. आता माझे मत असे आहे की पोर्टिंग केलेल्या (सिलिंडरची भोके मोठी केलेल्या) १३५ ला हा कार्ब्युरेटर चांगला चालतो. मूळ स्थितीतल्या सिलिंडरला मात्र २८ मिमी मोठाच पडतो, खालची ओढ जाते.

आरएक्सवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ॲक्सिलरेटरची केबल पुढे या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपालाही जाते, आणि या स्लाइडची उचल मूळ कार्ब्युरेटरपेक्षा जास्त असल्याने पंपाचा मेळ बिघडतो. पंपाच्या खुणा नव्याने जुळवाव्यात, नाहीतर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे; हे टाळले तर पिस्टन जाम होण्याची भीती असते.

आता त्या धारेकडे येतो. बाउलच्या तळाला मोठा बोल्ट असतो आणि तो काढला की बाउल न उतरवता मेन जेट बदलता येतो. या कार्ब्युरेटरमधली मला सर्वांत आवडलेली सोय हीच. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा विरळ होते आणि मेन जेट एक पायरी लहान लागतो. हवा गार झाली की पुन्हा मोठा. शिवाय हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), त्यामुळे जुन्या तक्त्यांतल्या आकड्यांपेक्षा जेट थोडा मोठाच ठेवावा लागतो. थोडक्यात, तो बोल्ट वारंवार उघडला जातो.

त्या बोल्टची गळती रोखणारी ओ-रिंग मात्र साध्या रबराची होती. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि बोल्ट उघडला की परत खाचेत बसत नाही. उन्हात ठेवली की आकसते आणि बसते, पण प्रत्येक वेळी थोडी अधिक कडक होते. गॅरेजमधून परत आणून बोल्ट काढला, तेव्हा तिला आरपार चीर गेलेली दिसली. बाकी कार्ब्युरेटरला काहीही झालेले नव्हते. इतक्या विचारपूर्वक घडवलेल्या वस्तूत नेमक्या रोज हात लागणाऱ्या जागी असे रबर असावे, याचा मला मनापासून राग येतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे ऑइल सील विकणाऱ्या एका दुकानात जुनी रिंग दाखवून त्याच मापाच्या विटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) दोन रिंगा घेतल्या. दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत आल्या, आणि गॅरेजवाले नव्या कार्ब्युरेटरचे अडीच हजार सांगत होते. नवी रिंग रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून पाहिली. सकाळी ती खाचेत जशीच्या तशी बसली. दुसरी रिंग टूलकिटमध्ये ठेवली आहे.