‘मॅडम, पहिया हिल रहा है’ : दिल्लीतून भाड्याची गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी

दिल्लीत सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन जयपूर, आग्रा किंवा हरिद्वारच्या बाजूला जायचा बेत असेल, तर शहराची वेस ओलांडेपर्यंत जपून राहा. आमचे अकरा हजार रुपये महिपालपूर ते राजोकरी एवढ्याशा पट्ट्यात गेले. पैसे गेले त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी जयपूरला कळली, ती पुढे सांगते.

डिसेंबरची सुट्टी होती. करोल बागेतल्या हॉटेलवर गाडी आली. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, शिवाय डिकीत न मावलेली एक बॅग मागच्या काचेपाशी. गाडी मीच चालवते, नवऱ्याला येत नाही. शंकर रोड, मग रिजच्या झाडीतून सरदार पटेल मार्ग, इथपर्यंत छान चाललं होतं. धौला कुआँला उड्डाणपुलांचा जो गुंता आहे तिथे मॅपवाली बाई ‘किंचित डावीकडे’ म्हणते आणि समोर डावीकडे जाणारे दोन-तीन रस्ते दिसतात. मी वेग कमी केला, मागून हॉर्नचा भडिमार झाला, कशीबशी विमानतळाच्या रस्त्याला लागले.

हे सगळं बघणारं कोणीतरी असतं. भाड्याने स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. गोव्यात अशा गाड्या पावलोपावली दिसतात, तिथे कोणी वळूनही बघत नाही. दिल्लीच्या गर्दीत मात्र ती पाटी, मागे दिसणारं सामान आणि चाचपडत चाललेली गाडी एवढं पाहिलं की माणूस परगावचा आहे आणि गाडी त्याच्या ओळखीची नाही, हे कळायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वतःच्या गाडीचा प्रत्येक आवाज आपल्याला पाठ असतो. भाड्याच्या गाडीबद्दल कोणी काहीही सांगितलं, तरी ‘असेलही बुवा’ असंच वाटतं.

महिपालपूरच्या कोंडीत एक दुचाकीवाला डाव्या बाजूने जवळ आला, काचेवर टकटक केली आणि पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. “मॅडम, पहिया हिल रहा है.” बस, एवढंच. थांबला नाही, काही मागितलं नाही, गाड्यांमधून वाट काढत निघून गेला. मी स्टीअरिंगकडे लक्ष देऊन पाहिलं, काहीच जाणवलं नाही. पुढे शंकराची ती भलीमोठी मूर्ती येते, जिथून द्वारका एक्सप्रेसवे फुटतो, तिथे दुसरा एक दुचाकीवाला आला. मागे एक बाई बसली होती. या वेळी ती ओरडली, “भाभीजी, रोक लो, टायर निकल जाएगा! बच्चा बैठा है पीछे!” आणि तेही निघून गेले.

या फसवणुकीचं सगळं मर्म इथे आहे. पैसे मागणारा माणूस अजून आलेलाच नाही. आलेत ते दोन साक्षीदार, एकमेकांना न ओळखणारे, कुठल्याही लोभाशिवाय सांगणारे. एकावर विश्वास ठेवला नसता. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी तेच सांगतात म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “थांबव गं बाई, विषाची परीक्षा कशाला?” त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

राजोकरीच्या अलीकडे बाजूला घेतली, तर दोन मिनिटांत तिसरा माणूस हजर. अंगात ग्रीसचे डाग पडलेला निळा डगला, हातात पाना. “क्या हुआ सर जी?” गाडी मी चालवत होते, चावी माझ्या हातात होती, तरी पुढचं सगळं बोलणं तो नवऱ्याशी करत राहिला. मी दोनदा प्रश्न विचारला, दोन्ही वेळा उत्तर नवऱ्याला मिळालं. त्याने वाकून चाकाच्या आत हात घातला आणि तेलाने माखलेली बोटं बाहेर काढली. “शॉकर गया सर जी, दोनों साइड का. तेल देखो.” शॉकर म्हणजे शॉकअप, चाकाला बसणारे धक्के झेलणारा पार्ट. मग जॅक लावून चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवलं. चाक खरंच हलत होतं. “हायवे पे सौ की स्पीड में ये पहिया अलग हो जाएगा.”

दुकान पन्नास पावलांवर होतं. थंडी होती, आम्हाला बाकावर बसवून चहा मागवला. “आप बैठो, गाडी का हम देखते हैं.” गाडी दुकानाच्या आडोशाला गेली. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलून झाले म्हणाला, रिकामे डबेही दाखवले. साडेअठरा हजार. नवऱ्याने घासाघीस करून अकरा हजारांवर आणले. रोख आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर क्यूआर कोड पुढे केला. खात्यावरचं नाव दुकानाचं नव्हतं. बिल म्हणजे पावतीपुस्तकातला एक कागद, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, कबाड्यात गेले.

जयपूरच्या वाटेवर बहरोडच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. निघताना जे नव्हतं ते आता व्हायला लागलं होतं. हळूहळू जयपूर गाठलं आणि गाडी देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सर्व्हिस सेंटरला लावायला सांगितली. तिथल्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि शॉकअपवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. पार्ट जुनेच होते, त्यांच्यावर काळा रंग मारला होता आणि तो नीट वाळलाही नव्हता. आणि ज्याने आम्हाला घाम फुटला ते हे, की पुढच्या दोन्ही चाकांचे नट पुरते आवळलेलेच नव्हते. चाक निघून पडेल अशी भीती घालणाऱ्यांनीच ते निघून पडायची सोय करून ठेवली होती.

त्या मेकॅनिकने जे समजावलं ते नीट लिहिते, कारण हे माहीत असलं तर रस्त्यावरचा तमाशा तिथल्या तिथे उघडा पडतो. शॉकअप गळतो तेव्हा तेल हळूहळू पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, घट्ट थर बसतो. चकचकीत, ओघळणारं, ताजं तेल दिसलं तर ते बाहेरून लावलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दुसरं, शॉकअप गेला तर गाडी खड्ड्यावर जास्त उसळते, त्याने चाक गळून पडत नाही. तिसरी गोष्ट मला फारच आवडली. उचललेलं पुढचं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, तर ते थोडं हलतंच, कारण त्याच्यामागे स्टीअरिंगची जोडणी असते. चांगल्या गाडीचंही हलतं. बेअरिंग किंवा बॉल जॉइंट तपासायचा तर बारा आणि सहाच्या जागी धरावं लागतं. राजोकरीच्या त्या पानावाल्याने आमच्यासमोर धरलं होतं ते तीन आणि नऊला.

शिवाय अशा गाड्यांच्या पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती सोडवायला स्प्रिंग आवळून धरणारं वेगळं अवजार लागतं, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं पुन्हा सरळ रेषेत लावणं, करावीच लागते. रस्त्याकडेला अर्ध्या तासात दोन्ही बाजू बदलून होत नाहीत. कोणी तसं म्हणालं, तर चहा पीत न बसता शेजारी उभं राहून बघा.

आता पुन्हा तशी वेळ आली तर काय करावं? काच खाली करायची नाही, मान हलवून पुढे जायचं. मोकळा रस्ता मिळाला की स्टीअरिंग सैल हाताने धरून बघायचं. थरथर नाही, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही, खडखड नाही, तर चाक इतक्यात कुठे जात नाही. तरी शंका असेल तर माणसांनी गजबजलेल्या पेट्रोल पंपावर थांबायचं आणि फोन करायचा तो गाडी देणाऱ्या कंपनीला. त्यांचे करार वाचून बघा, परवानगीशिवाय बाहेर केलेल्या दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा, असं कलम बहुधा सापडेल. आमच्या करारातही होतं, त्यामुळे तिकडून एक रुपया मिळाला नाही. हेल्पलाइनचा नंबर ॲपच्या पोटात कुठेतरी दडलेला असतो, गाडी ताब्यात घेतानाच तो फोनमध्ये साठवा. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३, आणि माणसं अंगावर यायला लागली तर सरळ ११२.

दारं आतून लॉक ठेवा, हे वेगळं सांगायला हवं. दिल्लीत ठकठक गँग म्हणून जो प्रकार आहे त्यात दुरुस्तीचं नाटकसुद्धा नसतं. बॉनेटवर तेल टाकतात, रस्त्यावर नोटा पसरून ‘आपके पैसे गिर गए’ म्हणतात, गलोलीने छर्रा मारून काच फोडतात. चालक एका बाजूला वळला की दुसऱ्या बाजूच्या दारातून बॅग जाते. त्या मानाने आमच्याशी फार सभ्यपणे वागले म्हणायचं, चहा तरी पाजला.

तक्रारीचं सांगते. परतताना दिल्लीतल्या एका चौकीत गेलो. पहिलं उत्तर, “आपने काम करवाया, पैसे दिए, इसमें क्या केस?” दुसरं, ती जागा हरियाणाच्या हद्दीत येते. राजोकरी दिल्लीतच आहे, पण हद्द इतकी जवळ की असं सांगून माणसाला वाटेला लावणं सोपं जातं. दोन्ही उत्तरं ऐकून परत फिरू नका. खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो तोच. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. आम्ही जयपूरच्या सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल, रंग लागलेल्या शॉकअपचे फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडला, तेव्हा अर्ज घेतला गेला.

पोच मिळाली आहे, पुढे अजून काही कळलेलं नाही. तुम्हालाही त्या पट्ट्यात असंच कोणी गाठलं असेल, तर दुकानाचा फोटो, वेळ आणि क्यूआर कोडवर दिसलेलं नाव जपून ठेवा. चौकीत सगळ्यात आधी तेच विचारतात, आणि दुकानाचा फोटो आमच्याकडे नव्हता.