रोमन अंकांची सराव वही, पाट्या कोरणाऱ्याच्या नजरेतून

फोंड्याच्या बाजारात शालेय पुस्तकांच्या दुकानात ही वही मिळाली. ४८ पानं, किंमत ८० रुपये, कागद जाड, पेन्सिलीने लिहून खोडलं तरी फाटत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी छापली आहे. मी घेतली ती मुलीसाठी आणि तितकीच माझ्या कामासाठी. आमचा धंदा नावाच्या पाट्यांचा, ग्रॅनाइट आणि संगमरवरावर कोरायचा.

गोव्यात या धंद्यात असाल तर रोमन अंकांशी गाठ पडतेच. नव्या बंगल्याच्या फाटकावर बांधल्याचं साल रोमनमध्ये हवं असतं. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी कपेलाची (छोट्या प्रार्थनाघराची) दुरुस्ती होते, तिची फरशी बसवायची असते, तिच्यावरही तसंच साल. शिवाय पोप किंवा राजा यांच्या नावापुढचा आकडा रोमनच लागतो. १५१० साली गोवा घेतला तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर मानुएल पहिला होता, त्याच्या नावापुढे एक आय (I). १९८६ साली गोव्यात आलेले पोप जॉन पॉल दुसरे, त्यांच्यापुढे दोन.

मोबाईलवर साल टाकलं की रोमन अंक तयार मिळतो, मग शिकायचं कशाला, असं माझ्याकडे कामाला असलेला पोरगा म्हणतो. पण तो अंक आधी कागदावर काढायचा, कागदावरून दगडावर उतरवायचा, मग कोरायचा. एवढ्या प्रवासात एक एक्स गळला तर डोळ्याला खटकला पाहिजे. ग्रॅनाइटमध्ये छिन्नी एकदा उतरली की उतरली. त्यासाठी अंक वाचता आला पाहिजे, नुसता बघून उतरवता येऊन भागत नाही.

शिकवण्याची पद्धत, ही या वहीची खरी जमेची बाजू. बहुतेक पुस्तकं आधी सात अक्षरं (आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००) देतात आणि लगेच नियम सुरू करतात: तीनपेक्षा जास्त वेळा लिहू नका, लहान अक्षर उजवीकडे आलं तर मिळवा, डावीकडे आलं तर वजा करा. मुलं ते घोकतात आणि ४९ समोर आला की अडतात. या वहीत नियम मागाहून येतात. पहिल्यापासून पानावर चार रकाने आखलेले आहेत: हजार, शतक, दशक, एकक. आकडा आधी फोडायचा, एकेका रकान्याचं रोमन स्वतंत्र लिहायचं, मग सगळं सलग मांडायचं. गोवा घटकराज्य झालं ते साल घ्या, १९८७. हजारच्या घरात एम. नऊशेचे सी-एम. ऐंशीचे एल-एक्स-एक्स-एक्स. सातचे व्ही-आय-आय. दहा अक्षरांचा अंक, पण लिहिताना कुठे डोकं खाजवावं लागत नाही.

पुढचं पान त्याहून सरस आहे. एकक रकान्यातले एक ते नऊ हे नऊ आकार एकाखाली एक दिलेत आणि शेजारी दशकाचे नऊ, शतकाचे नऊ. आयच्या जागी एक्स, व्हीच्या जागी एल, एक्सच्या जागी सी ठेवला की एककाचं दशक होतं. सी, डी, एम ठेवले की शतक. मांडणी तीच राहते, अक्षरं तेवढी बदलतात. मुलीने ते पान भरता भरता मान वर केली आणि म्हणाली, “पप्पा, म्हणजे नऊच शिकायचे!” बाय माझी! शिकवणाऱ्याला याहून काय हवं? हजाराला तीनच आकार, म्हणून साधे अंक ३९९९ पर्यंत जातात. त्यापुढे अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की हजारपट होते, हे वहीने एका ओळीत उरकलंय आणि ते बरोबरच केलंय.

शून्याचा रकाना कोरा सोडायचा हेही छान समजावलंय. २००५ म्हणजे एम-एम-व्ही, मधली दोन घरं रिकामी. हे पान करताना मी मुलीला ग्वाल्हेरच्या शिलालेखाबद्दल सांगितलं. इ.स. ८७६ च्या त्या लेखात एका बागेचं माप २७० हात दिलंय, आणि त्या २७० मधलं शून्य दगडात कोरलेलं आहे. रोमनमध्ये तोच आकडा सी-सी-एल-एक्स-एक्स. दोन्ही एकाखाली एक लिहून दाखवले की आपल्या शून्याने किती काम वाचवलं ते मुलांना चटकन कळतं. वहीत हे नाही, असायला हवं होतं.

मोठ्या सालांचा सराव भरपूर आहे. आमचा दर अक्षरामागे असतो, त्यामुळे ती पानं मी जरा जास्तच मन लावून केली. १५१० तीन अक्षरांत होतो, एम-डी-एक्स. १९६१ ला सहा लागतात. आणि १८८८ म्हणजे एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, तब्बल तेरा! कुणाचं घर त्या सालचं असेल तर पाटीची रुंदी आधी ठरवा, दगड मागाहून कापा.

आता तक्रारी.

शेवटची चार पानं उत्तरांची, आणि तिथे ९९ चं उत्तर आय-सी छापलंय, ४९ चं आय-एल. दोन्ही साफ चूक. आय फक्त व्ही आणि एक्समधून वजा होतो, एक्स फक्त एल आणि सीमधून, सी फक्त डी आणि एममधून. वहीच्याच रकान्यांनी गेलं तर नव्वदचे एक्स-सी, नऊचे आय-एक्स, म्हणजे ९९ होतो एक्स-सी-आय-एक्स. मुलीने तसंच लिहिलं होतं, आणि उत्तरांशी ताडून पाहिल्यावर ते खोडून आय-सी केलं. मला खरा राग आला तो इथे. इतकी चांगली रीत शिकवायची आणि मुलाचा तिच्यावर बसलेला विश्वास मागच्या पानावर मोडायचा? वहीवरच्या नंबरावर फोन केला तर “पुढच्या छपाईत बघू” एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी तक्रार अक्षरांच्या वळणाची. छपाईत आय म्हणजे नुसती उभी काठी आहे. रोमन आयला माथ्याला आणि पायाला आडवी रेघ हवी, त्याशिवाय तीन आय शेजारी आले की कुंपण दिसतं. व्हीची डावी रेघ जाड आणि उजवी बारीक असते, वहीत दोन्ही सारख्याच. मुलांना याने फरक पडत नाही असं दुकानदार म्हणाला. माझं मत उलट आहे, हात लहानपणीच वळतो.

तिसरी गोष्ट, घड्याळाचं पान. वहीतल्या चित्रात चारला आय-व्ही आहे. लंडनच्या बिग बेनवरही तसंच आहे, पण रोमन अंकांच्या बहुतेक घड्याळांत चारच्या जागी चार आय असतात. मुलं घरचं घड्याळ बघतात आणि गोंधळतात. खुद्द रोमन लोकही चार असे लिहीत: रोमच्या कोलोसियमच्या ५४ नंबरच्या कमानीवर एल आणि पुढे चार आय कोरलेत. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर तर १९१० साल एम-डी आणि चार सी, मग एक्स, असं आहे. म्हणजे तीनदाचा नियम आज आपण पाळायचा, पण जुना दगड वाचताना तो सैल धरायचा. एवढ्या दोन ओळी घड्याळाखाली छापल्या असत्या तरी काम झालं असतं.

तरीही वही घ्या. त्या चार रकान्यांसाठी ८० रुपये जास्त नाहीत, आणि साइनबोर्ड रंगवणाऱ्यांपासून पत्रिका छापणाऱ्यांपर्यंत मोठ्यांनाही ती उपयोगी आहे. मुलाच्या हातात देण्याआधी उत्तरांच्या पानांवर ४९ आणि ९९ लाल पेनाने दुरुस्त करा, आणि बाकीची उत्तरंही एकदा रकाने मांडून तपासा.