मेडिक्लेम आणि वय वंदना कार्ड, दोन्ही वापरून झाल्यावर (आणि ग्लोव्ह्जबद्दल जरा जास्तच)

हॉस्पिटलच्या एक लाख अठरा हजार चारशेच्या बिलातले एक लाख नऊ हजार एकशे चाळीस विमा कंपनीने भरले. आता तक्रारीला जागा कुठे आहे, असं घरातले सगळे म्हणतात. मला मात्र उरलेल्या नऊ हजार दोनशे साठबद्दलच बोलायचंय, आणि त्यातही ग्लोव्ह्जबद्दल.

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पाच लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एक पॉलिसी), कॅशलेस, प्रीऑथ म्हणजे कंपनीची आधीची मंजुरी वेळेत, टीपीए डेस्कवरची (दाव्यांचं काम बघणाऱ्या एजन्सीची) मुलगी सुद्धा नीट उत्तरं देणारी. डिस्चार्जच्या दिवशी फायनल अप्रूव्हल आलं आणि काउंटरवरून सांगितलं, "मॅडम, नॉन-पेएबलचे तेवढे भरून टाका." नॉन-पेएबल म्हणजे विम्यात न बसणारं, आणि तेवढे म्हणजे वरचे नऊ हजार दोनशे साठ. मी आयटेमवार बिल मागितलं. पैसे घ्यायला त्यांना मिनिट लागलं नसतं, बिल द्यायला मात्र दुपार गेली. त्यात एक्झामिनेशन ग्लोव्ह्ज, मग सर्जिकल ग्लोव्ह्ज, आणि खाली परत एकदा नुसतेच ग्लोव्ह्ज. सगळे मिळून दोन हजार तीनशे दहा. डिस्चार्जच्या सकाळी दहा जोड लावलेत. त्या सकाळी सिस्टरने सलाईनची सुई काढली आणि कापसाचा बोळा दाबून धरायला मलाच सांगितलं. बाकीचे नऊ जोड कुणाच्या हातात गेले?

बरं, ग्लोव्ह्ज न देण्याला कागदाचा आधार आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, वस्तूंच्या चार याद्या केल्यात आणि त्या बहुतेक पॉलिसींच्या शेवटी जोडलेल्या असतात. पहिल्या यादीत ६८ वस्तू. वेगळं कन्झ्युमेबल्स कव्हर (अशा वापरून टाकायच्या वस्तूंसाठीचं जादा कव्हर) घेतलेलं नसेल तर यांचा खर्च आपला. तिथे टीव्हीचे चार्जेस आहेत, ब्युटी सर्व्हिसेस आहेत, ते ठीक. पण त्याच रांगेत ग्लोव्ह्ज, मास्क, थर्मामीटर आणि ईसीजीचे इलेक्ट्रोडसुद्धा आहेत. म्हणजे सर्जनची फी मान्य, भूल देणाऱ्याची मान्य, ओटी मान्य, फक्त ऑपरेशन करताना हात झाकलेला असणं ही पेशंटची हौस. हे ज्याने ठरवलं त्याला माझा नमस्कार.

सगळा राग कंपनीवर काढून इथेच थांबणार होते. पण रात्री बसून दुसरी यादी वाचली आणि मत जरा सरकलं. त्यात ३७ वस्तू आहेत आणि त्या खोलीभाड्यात धरलेल्या आहेत: टोपी, गाऊन, शू कव्हर, अ‍ॅडमिशन किट, फाइल उघडण्याचे पैसे, मनगटावरची ओळखपट्टी, अगदी डिस्चार्जच्या प्रक्रियेचे चार्जेससुद्धा. खोलीचं भाडं घेतलंय तर हे वेगळं लावायचं कारण नाही. आमच्या बिलात यातलं बरंच वेगळं लावलेलं होतं, आणि कंपनीने ते कापलं ते यादीप्रमाणे बरोबरच होतं. भांडण कंपनीशी नव्हतं, हॉस्पिटलच्या बिलिंगशी होतं. यादीतल्या ओळींवर खुणा करून मेल पाठवली, दोनदा आठवण केली, आणि तीन हजार एकशे वीस रुपये खात्यात परत आले. तेव्हा कुणाचं कापलं गेलं असेल तर आधी कापलेली ओळ कुठल्या यादीत बसते ते बघा. पहिलीत असेल तर गप्प भरा, दुसरीत असेल तर हॉस्पिटलच्या मागे लागा. ग्लोव्ह्ज पहिलीत आहेत. त्याचं काही झालं नाही.

जाणकार म्हणतील, ग्लोव्ह्ज सोड, खोलीभाड्याचं बोल. बोलते. आमच्या पॉलिसीत रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. आम्ही साडेचार हजारांची दोन खाटांची खोली घेतली, वाचलो. आठ हजारांची घेतली असती तर फक्त वरचे तीन हजार आपले, असं होत नाही. सर्जन, ओटी, डॉक्टरांच्या व्हिजिट, सगळं पाचास आठ या प्रमाणात खाली येतं. हा भाग चौसष्ट हजारांचा धरला तर चोवीस हजार गेले. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही असं २०२० पासून ठरलेलं आहे, तेवढाच दिलासा. हिशेबाने हा मुद्दा ग्लोव्ह्जच्या दसपट मोठा आहे, मान्य. पण ही अट निदान पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते.

आता सासूबाईंचं. त्या सत्तरीच्या पुढच्या, आमच्या पॉलिसीत नाहीत, कारण त्यांना घेतलं की प्रीमियम बघून आपल्यालाच अ‍ॅडमिट व्हावं लागेल. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारत योजनेतलं म्हाताऱ्या माणसांसाठीचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, आधीच काढून ठेवलं होतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधारवरचं वय पुरतं. शेजारच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की घरात मेडिक्लेम असेल तर कार्ड बाद. तसं अजिबात नाही. खाजगी विमा असला तरी कार्ड चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची) मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. एक बारीक गोष्ट: कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत नसेल तर कार्डावरचे पाच लाख हे घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. आजी-आजोबांना पाच-पाच असं नाही.

सिव्हिलमध्ये एक्स-रे झाला, पैसे कुणी मागितले नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. पुढे ऑपरेशन कार्डावर. आरोग्यमित्राने (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाने) कागद घेतले, पण सासूबाईंच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. साठ वर्षं भांडी घासलेली बोटं ती. शेवटी चेहऱ्यावरून पडताळणी झाली. मग वाट बघणं. अपघाताच्या केसेस आल्या की आमचा नंबर मागे जायचा आणि सासूबाई वजन लटकवलेला पाय घेऊन पडून. हे वाईट होतं, त्याला दुसरा शब्द नाही. सर्जन कोण, सळई कुठल्या कंपनीची, हे विचारायची सोय नाही. वॉर्डातल्या पंख्याबद्दल न बोललेलं बरं.

पण डिस्चार्जच्या वेळी मी सवयीने बिल मागितलं, तर आरोग्यमित्र माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, पॅकेज आहे." खाट, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, जेवण, घरी गेल्यावरचे पंधरा दिवस, सगळं एका ठरलेल्या रकमेत. ग्लोव्ह्ज किती जोड वापरले याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही. मला खरंच बरं वाटलं, सासूबाई चालायला लागल्यापेक्षा थोडंसंच कमी. (योजनेतल्या रुग्णालयाने वरचे पैसे मागितले तर १४५५५ वर कळवायचं. आमच्याकडे कुणी मागितले नाहीत.)

या भरात मेडिक्लेम बंदच करून टाकू असं ठरत आलं होतं. आता पाच लाखांपर्यंत महात्मा फुले योजना पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, मग प्रीमियम कशाला? त्यात रिन्युअलची नोटीस आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, म्हणून हप्ता उतरेल या आशेवर होते. मूळ प्रीमियमच इतका वाढवलाय की गेल्या वर्षीच्या जीएसटीसकटच्या रकमेपेक्षा फक्त पाचशे रुपये कमी.

तरी बंद करणार नाही. एक तर नवऱ्याला कळ आली तेव्हा रात्री भरती करून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, त्याला यादीत थांबावं लागलं नाही. दुसरं, डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतल्या तपासण्या आणि औषधांची बिलं मी नाराजीनेच अपलोड केली होती, काही मिळणार नाही असं धरून. सगळी मंजूर झाली, एक रुपया न कापता. यावर कंपनीला मनापासून एक स्टार जास्त. तिसरं, आमची पॉलिसी सलग ६० महिन्यांच्या पुढे गेलीय. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "हा आजार आधी सांगितला नव्हता" म्हणून दावा नाकारता येत नाही. २०२४ आधी ही मुदत आठ वर्षांची होती. इतकी वर्षं हप्ते भरून मिळवलेली ही गोष्ट पाचशे-हजारासाठी सोडायची नाही. बीपीच्या गोळ्या आणि ओपीडी मात्र मेडिक्लेममध्येही नाही आणि कार्डावरही नाही. त्यासाठी सिव्हिलचा केसपेपरच.

कन्झ्युमेबल्स कव्हरचे वर्षाला चौदाशे मागतायत. परत आलेले पैसे वजा केले तर माझे सहा हजार एकशे चाळीस गेले, म्हणजे चार-साडेचार वर्षांचे हप्ते. दर चार वर्षांनी घरात कुणाचं ऑपरेशन व्हावं असं गृहीत धरायला मी तयार नाही, तेव्हा हे कव्हर घेत नाही. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी पोर्ट करायचा, म्हणजे जुनी वर्षं न गमावता हलवायचा, विचार आहे. आमच्या कागदांत रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज द्यायला सांगितलंय, आणि पित्ताशयाचे सगळे रिपोर्ट जोडावे लागणार. नवी कंपनी नाही म्हणाली तर आहे तीच चालू ठेवायची, साडेचार हजारांच्या खोलीसकट.