१५२ की १५८? स्नोबोर्डचे माप ठरवताना

गुलमर्गमध्ये भाड्याने स्नोबोर्ड घेताना दुकानदाराने आम्हांला एकच कसोटी लावली. बोर्ड उभा धरायचा आणि त्याचे टोक हनुवटी व नाक यांच्या दरम्यान आले की तो तुमच्या मापाचा. माझी उंची १६८ सेंटीमीटर आणि वजन ७८ किलो, तर माझ्या मामेभावाची उंची १८० सेंटीमीटर आणि वजन जेमतेम ६० किलो. साहजिकच मला १५२ सेंटीमीटरचा बोर्ड मिळाला आणि त्याला १५८चा. दोन दिवस आम्ही दोघेही यथेच्छ पडलो. तिसऱ्या दिवशी बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडून ठेवणारे पट्टे, आपापल्या बुटांप्रमाणे बसवून घेऊन आम्ही बोर्डांची अदलाबदल केली. ज्यांना या दोन मापांतून निवड करायची आहे, त्यांना त्यानंतर जाणवलेला फरक उपयोगी पडावा.

१५२चा बोर्ड माझ्या वजनाला अपुरा होता. सपाट केलेल्या उतारावर वेग कमी असेपर्यंत तो हवा तसा वळे. पण वेग वाढताच त्याचे टोक थरथरू लागे, कारण इतक्या वजनाला बर्फात धरून ठेवण्याइतकी लांब कड त्याला नव्हती. भुसभुशीत बर्फात तर पुढचे टोक रुतत असे आणि ते वर काढण्यासाठी सगळा भार मागच्या पायावर घ्यावा लागल्याने मांडी अर्ध्या तासात भरून येई. तोच बोर्ड मामेभावाच्या पायाखाली शहाण्यासारखा वागला. १५८च्या बोर्डाला वाकवण्यासाठी लागणारा जोर त्याच्या वजनात नव्हता, त्यामुळे वळण उशिरा सुरू होई आणि मधेच कड अडकून तो आपटत असे. १५२वर आल्यावर त्याने त्याच दुपारी सलग वळणे घेतली.

याचे कारण सोपे आहे. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याच्यावर पडणारा भार कळतो. बोर्डाचा ताठपणा आणि लांबी निर्माते वजनाचा विचार करून ठरवतात, म्हणूनच बोर्डाबरोबरच्या तक्त्यात वजनाची मर्यादा दिलेली असते. हनुवटीचा नियम मध्यम बांध्याच्या माणसाला चालून जातो, पण बुटक्या-जाड आणि उंच-सडपातळ अशा दोन्ही टोकांच्या माणसांना तो नेमका उलटा बोर्ड देतो. ढोबळमानाने साठ किलोच्या आसपास १४८ ते १५३ आणि पंचाहत्तर-ऐंशी किलोला १५५ ते १६० ही मापे धरावीत. शिकाऊ व्यक्तीने त्यातल्या लहान टोकाकडे राहावे. उंचीचा उपयोग दोन पायांमधले अंतर ठरवताना होतो, त्यापलीकडे फारसा नाही.

अदलाबदलीनंतरही माझी एक तक्रार मात्र उरलीच, आणि ती रुंदीची होती. माझा बूट यूके १० मापाचा आहे, आणि दोन्ही बोर्ड कमरेला म्हणजे मधल्या अरुंद भागात २५ सेंटीमीटरच्या आसपास होते. बोटांच्या बाजूच्या कडेवर जोरात कलले की बुटाचे नाक बर्फाला लागे आणि कड सुटून मी पालथा पडे. मागे वळून पाहिले, तर कडेने कापलेल्या बारीक रेघेशेजारी बुटाने ओरबाडलेली दुसरी, वेडीवाकडी रेघ दिसत होती. बूट प्रत्येक बाजूला एक ते दोन सेंटीमीटर बाहेर आला तर बिघडत नाही, उलट कडेवर जोर द्यायला ते बरेच असते. त्याहून अधिक आला तर रुंद बोर्ड घ्यावा. यूके १० किंवा त्याहून मोठ्या बुटासाठी कमर साधारण २६ सेंटीमीटर असलेला बोर्ड पाहावा. मामेभावाचा बूट यूके ८ असल्याने त्याला ही अडचण आली नाही. त्याने रुंद बोर्ड घेणे चुकीचेच ठरेल, कारण लहान पायाला रुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेताना विलंब होतो.

कसरती आणि उड्यांसाठीच बोर्ड हवा असेल, तर वरच्या मापांतून दोन-तीन सेंटीमीटर कमी करावेत. मुद्दाम आखूड व रुंद बनवलेल्या बोर्डांना मात्र हे आकडे लागू होत नाहीत; ते नेहमीच्या मापापेक्षा पाच किंवा अधिक सेंटीमीटर आखूड घेतले तरी रुंदीमुळे ताज्या बर्फावर तरंगतात. पहिल्याच बोर्डासाठी मी ते सुचवणार नाही.

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत नेतो, तर दुसरा अफरवत पर्वतावर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर. तिथल्या न दाबलेल्या बर्फात उतरायचे असेल, तर हिमस्खलनासाठी पाठीवर घेतलेल्या फावड्यासकट सगळ्या सामानाचे वजनही हिशेबात धरावे लागते. माझ्यासाठी मी १५६चा रुंद बोर्ड ठरवला आहे. दुकानात तो उभा धरला, तर माझ्या नाकाच्याही वर जाईल. मामेभाऊ १५२वरच राहणार आहे. ताजा बर्फ पडला, की तो दोन्ही बाइंडिंग एकेक भोक मागे सरकवून घेईल, म्हणजे पुढचे टोक वर राहील.