पश्चिमेची खिडकी: दुहेरी साधी काच की एकेरी कोटिंगवाली?

कोथरूडच्या जुन्या सोसायटीत खिडक्या बदलायच्या म्हटलं की दुकानदार आधी दुहेरी काच पुढे करतो. आवाज कमी होतो हे खरंच. कर्वे रस्त्यावर राहणाऱ्यांनी ती डोळे झाकून घ्यावी.

पण उन्हाचं काय? दुहेरी साध्या काचेचा यू-व्हॅल्यू साधारण 2.8, एकेरीचा 5.8 च्या आसपास. आकडा निम्मा, म्हणून आपण भुलतो. तो मोजतो आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने झिरपणारी उष्णता. एप्रिलमध्ये दुपारी चारला थेट आत घुसणारं ऊन साधी काच, दुहेरी असली तरी, बऱ्यापैकी सोडतेच. ते अडवतं कोटिंग. 2018 च्या इको निवास संहितेतही (घरांच्या ऊर्जाबचतीसाठीची केंद्र सरकारची नियमावली) भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा आहे, आणि त्या हिशेबात ऊन जड पडतं. संहिता मुळात नव्या इमारतींसाठी, पण मोजपट्टी म्हणून उत्तम.

मात्र कोटिंग फार गडद नको. खिडक्या भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असतील, तर काचेतून किमान 27 टक्के प्रकाश यावा, असं तीच संहिता सांगते. नाहीतर भरदुपारी ट्यूबलाइट!

माझं मत कोटिंगला. आणि स्लायडिंगऐवजी दारासारखी उघडणारी खिडकी घ्या. दोन पल्ल्यांची स्लायडिंग जेमतेम अर्धीच उघडते, संध्याकाळचा वारा वाया जातो.