मागच्या सीटसाठी केलेला खर्च: नवी सीट, टेकू आणि टॉप बॉक्स, उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

गाडी ३५० सीसीची क्रूझर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मागच्या सीटचं दुखणं या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना आहे. चालवणाऱ्याला ऐसपैस जागा आणि मागच्याला वीतभर पट्टी. होळीच्या सुमारास मागची सीट नव्याने करून घेतली, टॉप बॉक्स (सीटच्या मागे बसणारा सामानाचा डबा) बसवला आणि त्याच्याच पॅडचा पाठीला टेकू केला. मधे कडक ऊन झालं, अख्खा पावसाळा झाला, आता दिवाळीनंतर लिहितोय. मागे बसते माझी बायको. उंची पाच फूट दोन इंच, आणि माकडहाडाचं जुनं दुखणं. त्यामुळे हा अनुभव अर्धा तिचा आहे, आणि जिथे आमची मतं वेगळी पडली तिथे तिचंच धरलंय.

आधी काय व्हायचं ते सांगतो. नाशिकहून पुण्याला निघालो की सिन्नरपर्यंत ठीक. संगमनेर यायच्या आत ती पायदानावर अर्धवट उभी राहून कंबर मोकळी करायला लागायची. मुंबईला जाताना कसारा घाट उतरायचा म्हणजे प्रत्येक ब्रेकला ती घसरून माझ्या पाठीवर, हेल्मेटवर हेल्मेट. घाट टाळणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा आपल्याला घाट टळत नाही.

सीटवाला द्वारका भागातला, जुना कारागीर. पहिल्याच दिवशी त्याने बायकोला सांगितलं, "ताई, प्रवासात जे घालता तीच पँट आणि तेच जॅकेट घालून या." दुसऱ्या दिवशी त्याने सीटच्या खालच्या स्टेपल पिना उचकटून कव्हर काढलं आणि फोमवर अंगठा दाबून दाखवला. अंगठा थेट प्लास्टिकच्या तळाला लागत होता. मग तिला नुसत्या फोमवर बसवून ठेवलं. आमचा चहा झाला, थोड्या गप्पा झाल्या, तरी तो उठू देईना. शेवटी कुठे टोचतंय ते विचारत दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांच्या जागा आणि मधली माकडहाडाची जागा त्याने खडूने आखून घेतली. "इथंच ना, ताई?" सगळं काम त्या तीन खुणांवर झालं.

तिला सीट मऊ हवी होती. त्याने साफ नाही म्हटलं. मऊ गादी पहिल्या अर्ध्या तासापुरती, पुढे फोम दबतो आणि हाड तळाला टेकतं, हे त्याचं म्हणणं आता आम्हाला शंभर टक्के पटलंय. त्याने खाली रिबॉन्डेड फोमचा थर दिला, म्हणजे कापलेल्या फोमचे तुकडे दाबून बनवतात तो ठिपकेदार, कडक फोम. त्यावर ४० डेन्सिटीचा (हा घनतेचा आकडा, जास्त तितका फोम भरीव) चांगला फोम आणि सगळ्यात वर बोटभरही नाही असा नरम थर. माकडहाडाखाली मधोमध एक उथळ पन्हाळी कोरली. ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून तो फोम असा घासत होता, की दर दोन मिनिटांनी थांबून हात फिरवायचा आणि पुन्हा घासायचा. वजन बाजूच्या दोन हाडांवर जातं आणि मधलं दुखरं हाड अधांतरी राहतं. पैसे वसूल झाले ते या पन्हाळीत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट उताराची. मूळ सीट पुढच्या बाजूला उतरती होती, घसरण्याचं कारण तेच. त्याने पुढची कड भरून बैठक सपाट केली. मागे दोन्ही बाजूंनी रुंदी वाढवली, पण पुढची कड अरुंदच ठेवली, नाहीतर मांड्या फाकतात आणि कमी उंचीच्या माणसाचे पाय पायदानापर्यंत नीट पोचत नाहीत. उंची एकूण इंचभरच वाढली. तेवढ्याने गुडघ्याची घडी मोकळी झाली. याहून वाढवली असती तर तिचं डोकं माझ्या आडोशातून बाहेर येऊन सगळा वारा हेल्मेटवर आला असता.

सीटमध्ये घालायच्या जेल पॅडबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही घेतलं नाही. गाडी उन्हात उभी असते, जेल तापतं आणि लवकर निवत नाही. नाशिकचा एप्रिल आता चाळिशीला टेकतो, त्यात काळं रेक्झिनच पुरेसं भाजतं. उन्हाळ्यात वरून जाळीचं कव्हर घालतो, त्याने खालून हवा खेळते. पावसाळ्यात ते काढून ठेवायचं, पाणी धरून बसतं.

पावसाची खरी परीक्षा श्रावणात झाली. त्र्यंबक केलं, घोटी, इगतपुरी, भावली धरणाकडचा रस्ताही केला, आणि तिकडचा पाऊस काय असतो ते नाशिककरांना सांगायला नको. सीटचा फोम पाणी पितो आणि एकदा प्यायला की दिवसेंदिवस सुकत नाही. म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरला होता: बसायच्या भागावर शिलाई नको आणि कव्हरच्या आत जाड प्लास्टिकचा कागद हवा. दोन्हींनी काम केलं, बैठक कोरडी राहिली. मात्र डाव्या बाजूची शिलाई, जिथे चढताना बूट घासतो, तिथे उसवायला लागली आहे. तिथे आतून दुहेरी पट्टी लावून घ्यायला हवी. फोमही थोडा बसलाय, पण हाताला जाणवेल इतकाच. सीटचे साडेचार हजार गेले.

आता बॉक्स. ४८ लिटरचा घेतला. बहुतेक जण जागा बघतात, दोन हेल्मेटं मावतात का एवढंच. मागे माणूस बसणार असेल तर आधी बघायचं ते बॉक्सचं पॅड पाठीला कुठे लागतं. आमच्या बॉक्ससोबत आलेलं पॅड तिच्या बरगड्यांना लागत होतं आणि कंबर रिकामी. सीटवाल्यानेच खाली फोमची पाचर देऊन ते कमरेवर आणलं. बॉक्स ज्यावर बसतो त्या प्लेटला लांबट खाचा असतात, त्यात बॉक्स पुढे-मागे सरकतो. तो इतका पुढे घेतला की तिची पाठ टेकते, पण जॅकेट घातल्यावर ती दाबली जात नाही.

वजनाबद्दल कळकळीने सांगतो. आमच्या झाकणाच्या आत ५ किलोची मर्यादा छापलेली आहे. जागा ४८ लिटर म्हणून लोक त्यात काय काय कोंबतात. बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे असतो, तिथलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि ताशी सत्तरच्या आसपास हँडल थरथरायला लागतं. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, कुलूप-साखळी बाजूच्या बॅगांत खाली ठेवतो. वर फक्त रेनसूट, शाल, खाणं. शिवाय टेकून बसणाऱ्याचा भारही प्लेटच्या बोल्टवर येतोच, म्हणून तिथे आत नायलॉनचं कडं असलेले, ढिले न होणारे लॉक नट लावले आणि लांब जायच्या आधी पाना फिरवून बघतो.

फिटिंगवाला ग्रॅब रेल (मागच्याने धरायची दांडी) काढून प्लेट बसवायला निघाला होता, तिथे अडवलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात मागच्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं आवरण सांगितलंय. २०२० च्या दुरुस्तीत डब्याची कमाल मापंही आली: लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिमी. डबा मागच्या माणसाच्या जागेवर ठेवला तर मागे कोणी बसवता येत नाही. आमचा डबा मापात आहे आणि रेलही जागेवर आहे. घाटात तिचा एक हात आजही रेलवर असतो.

बॉक्समुळे चढण्याची पद्धत बदलते. मागून पाय टाकता येत नाही. मी दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक दाबून गाडी सरळ धरतो. ती डाव्या पायदानावर उभी राहते, माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि मी आणि बॉक्स यांच्या मधल्या फटीतून उजवा पाय नेते. साडीत एका बाजूला बसायची सवय असेल तर अशी गाडी सोयीची नाही, हे बॉक्स घेण्याआधी घरात बोलून घ्या.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन घरं वाढवला आणि टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिली आहे तेवढी ठेवतो. हे केलं नाही तर कितीही चांगली सीट असो, शहरातल्या खोदलेल्या रस्त्यांवर दणका थेट मणक्याला बसतो. मागून गाडी दबली की हेडलाइट वर जातो, तोही खाली करून घेतला.

बॉक्सच्या तक्रारी दोन. जोराच्या पावसात एका कोपऱ्यात पाणी झिरपतं, रबर नीट बसलेलं असूनही, म्हणून आत कपडे पिशवीतच. आणि रिकामा असला की गतिरोधकावर खडखडतो. तळाला रबरी मॅट टाकली, आवाज निम्मा झाला.

फरक किती पडला? पुण्याच्या वाटेवर पूर्वी संगमनेरच्या आत थांबावं लागायचं, आता आळेफाट्याला चहाला थांबतो, तेही मला हवा असतो म्हणून. धुळ्याला जाताना चांदवडला रेणुकामातेचं दर्शन घेऊन लगेच पुढे निघतो. उतरल्यावर तिचा हात पूर्वी आधी कमरेवर जायचा, आता जात नाही. कसाऱ्यात घसरणं बंद झालं.

आता तिला हात टेकायला आर्मरेस्ट हवेत. सीटवाला करून द्यायला तयार आहे, पण ते बॉक्सलाच धरून बसवावे लागतील आणि चढायची ती एक फटही अडेल. बाहेरच्या बाजूला उघडणारे, वजनाला हलके असे मिळतात का ते शोधतोय. तोवर आहे तसंच चालवणार.